मॉडेलर तर घेतला, आता आवाज कुठून काढायचा?

गेल्या पावसाळ्यात ऐरोलीहून बायकोचा मावसभाऊ घरी आला. खांद्यावर गिटार, हातात प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला नवाकोरा मॉडेलर (अँप, पेडल, स्पीकर सगळ्यांची डिजिटल नक्कल करणारा डबा), आणि चहा पुढ्यात यायच्या आधीच तक्रार सुरू. "भावोजी, हेडफोनवर एक नंबर वाजतो हो, पण अँपला लावला की रजईखालून आवाज येतोय असं वाटतं. पीस खराब लागला का?" म्हटलं पीस ठणठणीत आहे, तू त्याची वायर भलत्या भोकात खुपसलीयेस. घरच्या १५ वॅटच्या प्रॅक्टिस अँपला पुढून, जिथे गिटार लावतात तिथे, त्याने मॉडेलर लावला होता. सगळेच लावतात, मीही लावला होता.

मग विचारतो, "बरं मग याच्याबरोबर अँप कुठला घेऊ?" ठाणे-नवी मुंबईतले निदान दहा जण मला हेच विचारून गेलेत, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकतोय. अँप कुठला हा प्रश्नच आधी बाजूला ठेवा. वाजवणार कुठे आणि ऐकणार कोण हे आधी ठरवा, ते ठरलं की डबा आपोआप ठरतो. न ठरवता घेतलात तर सेकंडहँडमध्ये विकायची वेळ येते. मी दोन विकलेत, दोन्ही तोट्यात.

आधी आत काय आहे ते बघा

खऱ्या सेटअपमध्ये साखळी अशी असते: गिटार, मग पेडल (पायाने दाबायचे इफेक्ट), मग प्रीअँप (आवाज घडवणारा), मग पॉवर अँप (त्याला ताकद देणारा), मग लाकडी कॅबमधला, म्हणजे खोक्यातला, स्पीकर, आणि रेकॉर्डिंग असेल तर त्याच्यासमोर माइक. मॉडेलर ही सगळी वरात एका डब्यात डिजिटली उभी करतो. १९९८ साली लाइन सिक्सचा तो लाल, राजम्याच्या दाण्यासारखा पॉड आला तेव्हापासून हे चालूच आहे, मग २००६ ला फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स, २०११ ला केम्पर, २०१५ ला हेलिक्स, आणि आता तर मूअर, हॉटोन, व्हॅलेटनवाल्यांनी हे सगळं दप्तरात मावेल एवढं करून टाकलंय. छोटा घ्या नाहीतर मोठा, मुद्दा तोच, की त्यातून जो आवाज बाहेर येतो तो गिटारचा कच्चा सिग्नल नसतो, तो अँपसमोर माइक लावून रेकॉर्ड केल्यासारखा तयार आवाज असतो.

आता गिटारच्या स्पीकरचं सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. गिटारचा १२ इंची स्पीकर म्हणजे स्पीकर कमी आणि चाळणी जास्त. साधारण ८० हर्ट्झच्या खालचं तो सोडून देतो आणि ५००० हर्ट्झच्या वर गेलं की एकदम उतरतो. ही चाळणी नसेल ना, तर डिस्टॉर्शन, रॉकमधला तो फाटलेला आवाज, म्हणजे बाटलीत कोंडलेली गांधीलमाशी, कधी मुद्दाम कॅब सिम्युलेशन बंद करून हेडफोनवर ऐकून बघा, दोन सेकंदांत कानातून काढाल. मॉडेलरमधलं कॅब सिम किंवा आयआर, म्हणजे खऱ्या कॅबच्या आवाजाचा घेतलेला ठसा, हे चाळणीचंच काम करतं. म्हणून मॉडेलर कॅब सिम चालू ठेवून गिटारच्या अँपला लावला की पीठ दोनदा चाळलं जातं आणि वरचं सगळं जातं. ती रजई म्हणजे हीच.

एवढं एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवलंत तरी चालेल: साखळीत कॅब एकच, एकतर डिजिटल नाहीतर लाकडाचा. पुढचं सगळं याच्यावरच चाललंय.

घरात वाजवणार असाल तर

आपण दाटीत राहणारी माणसं. मी कोपरखैरण्याच्या रो हाउसमध्ये राहतो, इथे भिंतीला भिंत लागून घरं, शेजारी फोडणी दिली की आपल्याकडे ठसका. कायदाही माहीत असू द्या, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबल आहे. ५५ म्हणजे साधं बोलणं त्याच्या आसपास जातं. त्यामुळे घरात मोठा अँप आणून त्याचा नॉब एकवर ठेवणं याला काही अर्थ नाही.

रात्रीसाठी हेडफोन, विषय संपला. फक्त वायरवाला घ्या. ब्लूटूथवर आवाज शंभर-दोनशे मिलीसेकंद मागे राहतो, गाणं ऐकताना कळत नाही पण वाजवताना तार छेडल्यावर आवाज पाहुण्यासारखा उशिरा येतो आणि ताल गेलाच म्हणून समजा. ब्लूटूथ पार्टी स्पीकरवर वाजवायची आयडिया ज्यांच्या डोक्यात असेल त्यांनीही ती इथेच सोडा, ऑक्स वायर असेल तर ठीक. हेडफोन बंद कपाचा घेतलात तर बाहेरचा आवाज कमी येतो, उघड्या पाठीचा घेतलात तर खोलीत वाजवतोय असं वाटतं पण शेजारी झोपलेल्या माणसाला तुमचा सराव ऐकू जातो.

दिवसासाठी स्टुडिओ मॉनिटरची जोडी. ५ इंची पुरतात, यामाहाचे एचएस५ घ्या, जेबीएलचे ३०५पी घ्या, नाहीतर तुमच्या बजेटात बसतील ते. त्यात पॉवर अँप आतच असतो, वेगळं काही लागत नाही. कॅब सिम अर्थातच चालू, कारण मॉनिटर स्वतःचा रंग चढवत नाही (म्हणजे चढवू नये अशी अपेक्षा असते). मॉडेलरच्या डाव्या-उजव्या आउटपुटमधून दोन टीआरएस केबल (गिटारच्या जॅकसारख्याच, पण टोकाला दोन काळ्या रेघांच्या) काढा आणि थेट मॉनिटरच्या मागे लावा. मग मॉडेलरच्या ग्लोबल सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट लेव्हल बघा, तिथे इन्स्ट्रुमेंट आणि लाइन असे दोन पर्याय असतात, मॉनिटरसाठी लाइन. हे इन्स्ट्रुमेंटवर राहिलं की आवाज मरतुकडा येतो, मग माणूस मॉनिटर फुल करतो आणि सोबत घरघरही फुल होते.

मॉनिटर भिंतीला चिकटवू नका, कोपऱ्यात तर अजिबात नको, बेस फुगतो. वीतभर तरी पुढे ओढा, आणि ट्वीटर (वरचे स्वर काढणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला आणा, खाली जाड पुस्तकं ठेवा नाहीतर पाट ठेवा. माझ्याकडे आईचा जुना पाट आहे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उंचीच्या टाइल्स, दिसायला भंगार पण वाजतं छान.

मॉनिटर जॅमला, म्हणजे बँडच्या सरावाला, नेऊ नका मात्र. ड्रमरच्या शेजारी ५ इंची मॉनिटर म्हणजे लग्नाच्या बँडपुढे बासरी, ऐकू येत नाही म्हणून वाढवत जाल आणि कोन फाडाल.

जॅम रूमला आणि छोट्या गिगला: एफआरएफआर

ड्रमर सहज १०० डेसिबलच्या वर जातो. त्याच्यावरून ऐकू यायचं तर खरी ताकद लागते. इथे पहिला रस्ता एफआरएफआरचा, फुल रेंज फ्लॅट रिस्पॉन्स, म्हणजे जे द्याल ते तसंच मोठं करून देणारा पॉवर्ड स्पीकर. कॅब सिम चालू. हेडरशचे आहेत, लाइन सिक्सचा पॉवरकॅब आहे, आणि खरं सांगायचं तर कुठलाही बऱ्यापैकी पॉवर्ड पीए स्पीकर (कार्यक्रमात लोकांसाठी लावतात तसला), यामाहाचा डीएक्सआर किंवा क्यूएससीचा के सिरीजवाला, हेच काम करतो. गिटारवाल्यांसाठी म्हणून विकला जाणारा एफआरएफआर म्हणजे बऱ्याचदा पीए स्पीकरच, फक्त काळी जाळी आणि वेगळं नाव. पीए स्पीकरचा फायदा असा की उद्या कोणाला गायला लागलं, सोसायटीच्या सत्यनारायणाला माइक लागला, तर तोच कामी येतो. माझा आत्तापर्यंत आरत्यांना जास्त वाजलाय आणि गिटारला कमी.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. बॉक्सवर २००० वॅट लिहिलेलं असतं ते पीक असतं, क्षणभराचं, सतत मिळणारं त्याच्यापेक्षा बरंच कमी. शिवाय वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट मोठं वाटायचं तर साधारण १० डेसिबल लागतात म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे ५०० चा घेऊ की १००० चा यावर रात्री जागू नका. माहितीपत्रकात कमाल एसपीएल, म्हणजे आवाजाची पातळी, किती डेसिबल आहे ते शोधा, तो आकडा जास्त कामाचा, आणि तोही बहुतेकदा पीकचाच असतो, तेव्हा थोडं मीठ बाजूला ठेवून वाचा.

१० इंची की १२ इंची? मी १० इंचीवाला, आणि त्याचं कारण आवाज नाही, ट्रेन आहे. घणसोली-ठाणे ट्रान्स हार्बरवर संध्याकाळी १२ इंची स्पीकर घेऊन चढून दाखवा. चढलात तरी ठाण्याला उतरून तो पूल, तो जिना, मग बाहेर रिक्षाची रांग, आणि रिक्षावाला डिकीकडे बघून मान हलवतो. गाडी असेल तर १२ इंची घ्या, खालचा भरणा छान लागतो. लोकलवाला असाल तर वजनाचा आकडा वॅटच्या आधी बघा, आणि दुकानात तो एका हाताने उचलून दहा पावलं चालून बघा, दुकानदार हसला तर हसू दे.

लावायचा कसा? एक्सएलआर (माइकच्या वायरीचं तीन पिनांचं) आउटपुट असेल तर एक्सएलआरने, लाइन लेव्हलवर. स्पीकरवर डीजे, लाउड, व्होकल असले काही मोड असतील तर ते बंद किंवा फ्लॅट. स्पीकरचा नॉब आधी शून्यावर, मॉडेलरचा मास्टर अर्ध्याच्या वर, मग स्पीकर हळूहळू वाढवा. जमिनीवर तिरका ठेवला की बेस आपसूक वाढतो, जमीन त्यात हात देते, म्हणून लो कट (खालचा आवाज छाटणारा फिल्टर) १०० हर्ट्झच्या आसपास लावून बघा. स्टँडवर कानाच्या उंचीला ठेवला तर खरा आवाज कळतो, पण स्टँड कोण वाहणार.

एफआरएफआरबद्दल नेहमीची तक्रार म्हणजे "अँपसारखं वाटत नाही." बरोबर आहे, वाटणारच नाही, कारण तुम्ही खोलीतला अँप ऐकत नाही, माइक लावलेला अँप ऐकताय. कॅबमधून पायाच्या पोटरीवर येणारा तो धक्का हवा असेल तर पुढचा रस्ता बघा.

पॉवर अँप आणि खरा गिटार कॅब

हा रस्ता ज्यांना धक्का हवाय त्यांचा, आणि ज्यांच्याकडे कॅब आधीपासून पडून आहे त्यांचा. मॉडेलरमधून अँप मॉडेल चालू, कॅब सिम बंद, तिथून छोटा पॉवर अँप, तिथून स्पीकर केबलने कॅब. पॉवर अँप आता पेडल एवढे येतात, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा ४४ मॅग्नम आहे, सेमूर डंकनचा पॉवरस्टेज १७० आहे.

ओमचं गणित इथे समजून घ्या, नाहीतर धूर निघेल. पॉवर अँपवर किमान किती ओम ते लिहिलेलं असतं, ट्रान्झिस्टर किंवा क्लास डी अँपला त्याच्या खाली कधी जायचं नाही, वर गेलं तर चालतं पण ताकद कमी मिळते. पॉवरस्टेजचे ते १७० वॅट ४ ओमला आहेत, ८ ओमचा एक कॅब लावलात तर साधारण निम्मे हातात येतात. ८ ओमचे दोन कॅब पॅरलल लावले की मिळून ४ ओम होतात. १६ चे दोन लावले की ८. कॅबच्या मागे स्टिकर असतं, सेकंडहँड घेत असाल तर मल्टिमीटर सोबत न्या: ८ ओमच्या स्पीकरला मीटर ६ ते ७ च्या आसपास दाखवतो, तो बरोबर आहे, घाबरू नका. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय, मुकाट चहा पिऊन निघायचं.

स्पीकर केबल आणि गिटार केबल दिसायला सारख्याच, दोघींना तोच जॅक, पण आतून वेगळ्या. गिटार केबलमध्ये बारीक तार आणि भोवती जाळी असते, त्यातून पॉवर अँपचा करंट सोडला की ती तापते आणि अँपवरही ताण येतो. माझ्या स्पीकर केबलला मी दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी गुंडाळलीय, अंधाऱ्या स्टेजवर हात लावून कळतं.

स्पीकर कुठला यानेही बराच फरक पडतो, कधीकधी पॉवर अँपपेक्षा जास्त. सेलेस्टिअनच्या व्हिंटेज ३० ची संवेदनशीलता १०० डेसिबल आहे, ग्रीनबॅकची ९८. दोन डेसिबल म्हणजे काहीच नाही वाटतं पण ३ डेसिबल म्हणजे वॅट दुप्पट हे वर सांगितलंय, तेव्हा तोच पॉवर अँप एका कॅबवर जोरात आणि दुसऱ्यावर मवाळ का वाजतो ते आलं लक्षात. तोटा या रस्त्याचा हा की तुम्ही मॉडेलरमध्ये कितीही कॅब बदला, समोर लाकडाचा एकच आहे, सगळ्या पॅचेसना, म्हणजे तुम्ही साठवलेल्या सेटिंगांना, त्याचाच रंग. अकूस्टिक गिटारचा पॅच तर त्यातून चक्क खोक्यात वाजवल्यासारखा येतो. मराठी-हिंदी ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला, जिथे एका गाण्यात क्लीन, पुढच्यात अकूस्टिक आणि तिसऱ्यात रॉक सोलो, हा रस्ता मी सांगणार नाही.

घरी किंवा जॅम रूमला अँप आधीच आहे

आता मावसभावाची केस. अँपच्या मागे जाऊन बघा, एफएक्स लूप, सेंड आणि रिटर्न असं काही लिहिलंय का. सेंड म्हणजे प्रीअँपमधून बाहेर पडायची वाट, आणि रिटर्न म्हणजे त्या अँपच्या प्रीअँपला वळसा घालून थेट पॉवर अँपच्या दारात जायची वाट. मॉडेलरचं आउटपुट तिथे लावा, कॅब सिम बंद करा, झालं, तुमचा अँप आता पॉवर अँप आणि कॅब बनला, एक पैसा न घालता. पुढचे बेस-ट्रेबलचे नॉब बहुतेक अँपमध्ये मग काही करत नाहीत, घाबरू नका. एक सावधगिरी अशी की बऱ्याच अँपवर रिटर्न लावलं की पुढचा व्हॉल्यूमही निकामी होतो, म्हणून मॉडेलरचा मास्टर शून्यावर ठेवून वायर लावायची. हे मी कुठे शिकलो विचारू नका, जॅम रूमच्या मालकाने अजून मला त्यावरून चिडवायचं सोडलेलं नाही.

रोलंडचा जेसी-१२०, तो १९७५ पासून चालत आलेला दोन १२ इंची स्पीकरवाला, आपल्याकडच्या जॅम रूममध्ये कुठेतरी दिसतोच, त्याच्या नंतरच्या मॉडेलांना मागे लूप आहे. फेंडर ब्लूज ज्युनिअरसारख्या अँपला लूप नसतोच, तिथे पुढूनच लावावं लागतं. पुढून लावायचंच तर मॉडेलरमधला अँपही बंद करा आणि कॅबही बंद, फक्त डिले, रिव्हर्ब, ड्राइव्ह वापरा, म्हणजे मॉडेलर हा पेडलबोर्ड झाला, आउटपुट लेव्हल इन्स्ट्रुमेंटवर. अँप क्लीन ठेवा. ऐकायला वाईट नाही, उलट चांगल्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अँपवर मला तरी हेच जास्त आवडतं.

चार केबलवाली पद्धतही आहे, अँपचा स्वतःचा प्रीअँपही वापरायचा आणि मॉडेलरचे इफेक्टही: गिटार मॉडेलरच्या इनपुटला, मॉडेलरचा सेंड अँपच्या पुढच्या इनपुटला, अँपचा सेंड मॉडेलरच्या रिटर्नला, मॉडेलरचं आउटपुट अँपच्या रिटर्नला. एकदा जमलं की भारी, पण चार केबल म्हणजे घरघर यायला चार जागा. सुरुवातीलाच या भानगडीत पडू नका.

आणि दोन गोष्टी हात जोडून. व्हॉल्व्ह अँप स्पीकर न जोडता चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. आणि अँपचं स्पीकर आउटपुट मॉडेलरच्या इनपुटला कधी म्हणजे कधीच लावायचं नाही, सेंड वेगळा, स्पीकर आउट वेगळा, भोक सारखंच दिसतं म्हणून फसायला होतं.

स्टेजवर: सरळ पीएला

घाणेकर नाट्यगृह असो, गडकरी रंगायतन असो, वाशीचं विष्णुदास भावे असो नाहीतर चौकातला गणपतीचा मंडप, प्रेक्षकांना ऐकू जाणार ते मोठ्या पीएमधूनच. मग तिथे स्वतःचा अँप नेऊन त्याला माइक लावण्यापेक्षा मॉडेलरमधून एक्सएलआर काढून थेट मिक्सरला दिलेला बरा. कॅब सिम चालू. तुमचा सगळा सेटअप पाठीवरच्या बॅगेत, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये हीच काय ती कमाई.

साउंडवाल्या दादाशी आधी गोड बोला, मग चार गोष्टी सांगा. एक, मोनो देतोय, एकच लाइन. स्टीरिओचा मोह नको, हॉलच्या एका टोकाच्या खुर्चीवर बसलेल्याला अर्धंच ऐकू येतं. दोन, माझ्या चॅनलचा फँटम बंद करा, ते ४८ व्होल्ट माइकसाठी असतात, काही मॉडेलरना चालतात काहींना नाही, आपल्या मॅन्युअलमध्ये बघून ठेवा आणि तरीही बंदच करायला सांगा. तीन, इक्यू (बेस-मिड-ट्रेबलचे नॉब) फ्लॅटवरून सुरू करा. चार, स्टेजवरच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे आमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, मला मी हवाय.

घरघर आली तर मॉडेलरवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते दाबा. बटण नसेल तर डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा छोटा डबा), त्यावर ते बहुतेक असतंच. अ‍ॅडॅप्टरची किंवा बोर्डाची अर्थिंगची पिन कापायची नाही, कोणी कितीही सांगू दे. मंडपात जनरेटरवर लाइन असते, पाऊस असतो, खाली चिखल असतो, तिथे अर्थिंग हा जिवाचा प्रश्न आहे.

स्वतःला ऐकू कसं येणार हा खरा स्टेजवरचा घोळ. समोरचा वेज मॉनिटर गायकाने आणि कीबोर्डवाल्याने वाटून घेतलेला असतो, आपण मागे ढोलकीच्या बाजूला. एका कार्यक्रमात मी पूर्ण दोन गाणी अंदाजाने वाजवली, हॉलमध्ये म्हणे छान येत होतं, मला फक्त ढोलकी. तेव्हापासून मॉडेलरची दुसरी लाइन माझ्या १० इंची स्पीकरला, तो पायाशी माझ्याकडे तोंड करून, आणि एक्सएलआर पीएला. स्पीकरचा आवाज मी वाढवला-घटवला तरी साउंडवाल्याला फरक पडत नाही, फक्त मॉडेलरच्या ग्लोबलमध्ये मास्टर नॉब कुठल्या आउटपुटला लागू ते ठरवून ठेवा, एक्सएलआर त्यातून वगळा. ज्यांना खरा कॅब मागे हवा असेल त्यांनी मॉडेलरमध्ये सिग्नल दोन वाटांनी फोडायचा, कॅब सिम असलेली वाट पीएला, नसलेली वाट पॉवर अँपला. छोट्या मॉडेलरमध्ये हे जमतं का ते विकत घ्यायच्या आधी तपासा.

पॅच कुठे बसून बनवायचा

सगळं सामान बरोबर घेऊनही आवाज बिघडतो तो इथे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं होतं की आवाज हळू असताना आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. म्हणून रात्री हेडफोनवर हळू आवाजात पॅच बनवताना आपण बेस वाढवतो, चमक वाढवतो, मिड खाली आणतो, काय मस्त भरीव वाटतो. तोच पॅच जॅमला मोठ्याने लावला की खालून गडगडाट, वरून सुई, आणि मधली गिटार गायब, कारण मधली जागा ढोलकी, गायक, कीबोर्ड सगळ्यांनी व्यापलीये आणि तुम्ही ती स्वतःहून सोडलीत.

उपाय सोपा, थोडा खर्चिक. एकट्यासाठी एक तास जॅम रूम घ्या, दुपारची वेळ बहुतेक ठिकाणी स्वस्त मिळते. स्पीकर लावा, मोबाइलवर डेसिबलचं अ‍ॅप टाका, अंदाजापुरतं ते चालतं, आणि ९० च्या आसपास आवाज ठेवून पॅच नव्याने बसवा. कॅब ब्लॉकमध्ये लो कट ८० ते १०० हर्ट्झ, हाय कट ६००० पासून सुरू करून कानाला रुचेल तसा वर-खाली. गेन (डिस्टॉर्शनचा जोर) घरी ठेवलाय त्याच्यापेक्षा कमी, रिव्हर्ब अर्धा, हॉल स्वतःचा रिव्हर्ब देतोच. मिड थोडे जास्तच वाटले पाहिजेत, एकट्याने ऐकताना नाकात बोलल्यासारखं वाटेल, बँडमध्ये तेच कापून बाहेर येतं. मग सगळे पॅच एकामागून एक लावून लेव्हल सारखी करा, सोलोचा फक्त ३ डेसिबल वर. आउटपुटचा लाल दिवा लागता कामा नये. खोलीनुसार जो फरक करायचा तो पॅचमध्ये नाही, ग्लोबल इक्यूमध्ये करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हॉलमध्ये तो शून्यावर आणला की मूळ पॅच शाबूत.

दुकानात ट्राय करायला जाल तेव्हा स्वतःची गिटार, स्वतःचा मॉडेलर, आणि हे असे मोठ्याने बसवलेले पॅच घेऊन जा. दुकानातल्या चकाचक डेमो पॅचवर सगळेच स्पीकर सुंदर वाजतात.

बाकी बॅगेत: मॉडेलरचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर, दुसऱ्याचा चालेल म्हणून लावू नका, व्होल्ट, अँपिअर आणि पिनची पोलॅरिटी तिन्ही जुळावं लागतं. ६ मीटरची एक्सएलआर, एक जादा गिटार केबल, आणि स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड, कारण स्टेजवर प्लग कायम कीबोर्डवाल्याकडे असतो.

मावसभावाने शेवटी काहीच घेतलं नाही. घरी हेडफोन आहेच, आणि बँड आठवड्यातून एकदा ठाण्यातल्या एका जॅम रूमला भेटतो, तिथे मोठा अँप पडलेलाय. पहिल्या दिवशी तिथूनच फोन, मागे ड्रमरचा धुडगूस, "भावोजी, इथे मागे दोन रिटर्न आहेत, कुठला?" म्हटलं एलवाल्याच्या बाजूला मोनो लिहिलंय का बघ. लिहिलं होतं. "त्यातच लाव, आणि आधी मास्टर शून्यावर आण."

तिकडून जो आवाज आला त्यावरून कळलं की शून्यावर आणला नव्हता.